चपलांच्या फळीवर अँटेना

नोकरीची एकवीस वर्षं मी लोकांच्या गच्च्यांवर काढली. स्वतःच्या गच्चीवर पापड वाळत घालायला मात्र मला कधी सवड झाली नाही, हे सासूबाईंनी अखेरपर्यंत ऐकवलं. बडोद्यातल्या गच्च्यांबद्दल मला कुणीही काहीही विचारावं. कुठल्या सोसायटीत जिन्याची किल्ली चेअरमनच्या उशाखाली असते, कुठल्या गच्चीवर कबुतरांनी पाण्याच्या टाकीवर कबजा केलाय, कुठली सून दिवसातून चार वेळा तेच ते कपडे वाळत घालायला वर येते आणि फोनवर कुणाशी बोलते, सगळं मला पाठ आहे.

मी एका मोबाइल कंपनीत होते. कागदावर माझा हुद्दा 'इंटरफिअरन्स इंजिनिअर'. साध्या मराठीत सांगायचं तर टॉवरच्या कानाशी कोण बोंबलतंय ते शोधायचं आणि त्याला गप्प करायचं. हत्यारं दोन. एक माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना, हातात धरून गोल फिरवायचा. दुसरं गळ्यात अडकवायचं यंत्र, ज्याच्या पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात आणि जे गोंगाटाच्या उगमाजवळ गेलं की चिंचिं करायला लागतं. चाळिशीतली बाई, पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात तो काटा. मला बघून लोकांनी काय काय म्हणून दार उघडलंय! कुणाला मी वीज कंपनीची चोरी पकडणारी वाटले, कुणाला जनगणनेची. निम्म्या घरांतून एकच आरोळी यायची, "अरे, टीवीवाळा बेन आव्यां!" मग आधी त्यांच्या टीव्हीची वायर हलवून द्यायची, मालिका दिसायला लागली की चहा मिळायचा, आणि चहा झाला की गच्चीची किल्ली. सरकारी परवाना दाखवून जे दार उघडलं नाही ते मी टीव्ही दुरुस्त करून उघडून घेतलंय, आणि याचा मला अजून अभिमान आहे.

एक नमुना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सयाजीगंजात एक क्लासवाले होते. त्यांची तक्रार अशी, की ॲडमिशनच्या ऐन दिवसांत त्यांना पालकांचे फोनच येत नाहीत, कंपनीने त्यांचा धंदा बुडवलाय, ते कोर्टात जाणार. मी गेले. यंत्र जिन्यातच किंचाळायला लागलं. वर जाऊन बघते तो वर्गाच्या माळ्यावर एक जॅमर बसवलेला. पोरांनी वर्गात फोन बघू नये म्हणून यांनीच आणून लावलेला! खालचा औषधवाला, बाजूचा रिक्षा स्टँड, समोरचं मुलींचं हॉस्टेल, सगळ्यांचे फोन महिनाभर मुके. मी म्हटलं, "साहेब, हा बेकायदेशीर आहे, आणि तुमचे फोन यानेच बंद केलेत." गृहस्थ गंभीर होऊन म्हणाले, "बेन, पोरांचे फोन बंद करायला लावलाय. माझा फोन तर चालायला पाहिजे ना!" कपाळाला हात लावायलाही दोन्ही हात मोकळे नव्हते.

तर आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भिऊ नका, हळदीकुंकवाला गेलेल्या कुठल्याही बाईला हे येतं.

हळदीकुंकवाला वीस बायका एकाच खोलीत एकाच वेळी बोलत असतात. तरी कोपऱ्यात जाऊबाईंनी आपलं नाव काढलं की आपल्याला बरोब्बर ऐकू येतं. कारण जाऊबाईंचा आवाज आपल्या ओळखीचा असतो. थ्रीजीचा टॉवर नेमकं हेच करायचा. शेकडो फोन एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलतात, आणि टॉवर प्रत्येकाची ओळखखूण धरून त्याचं बोलणं वेगळं काढतो. अट एकच. कुणी एकीने गळा काढता कामा नये. टॉवरजवळचा फोन मोठ्याने बोलला तर लांबचा बिचारा बुडालाच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला हजाराहून अधिक वेळा सांगत असतो, हळू बोल, जरा मोठ्याने बोल, आता हळू. एवढं तर मी माझ्या दोन्ही मुलांना मिळून जन्मात सांगितलं नसेल.

त्यातूनही कुणी वरचढ झालाच तर हुशार रिसीव्हर काय करतो? सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्याचं आधी नीट ऐकतो, तो काय बोलला ते जसंच्या तसं मांडतो, आणि ते एकूण गोंधळातून वजा करतो. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. शेवटी तळाशी राहिलेला बारीक आवाजही ऐकू येतो. हे मला ज्यांनी शिकवलं त्या आगाशे सरांचं वाक्य आहे, "कर्णिक, ज्याला वजा करायचंय त्याचं आधी पूर्ण ऐकावं लागतं." कर्णिक हे माझं माहेरचं आडनाव. सगळं बडोदं मला सबनीसबेन म्हणायचं, सर मात्र शेवटपर्यंत कर्णिकच म्हणाले.

पण समजा हळदीकुंकवाच्या खोलीत कुणी मिक्सर लावून ठेवला तर? मिक्सरला काही बोलायचंच नसतं. ते ऐकून, समजून वजा कसं करणार? त्याची पिन काढायची, दुसरा इलाज नाही. आमच्या धंद्यातला मिक्सर म्हणजे बूस्टर. घरात टॉवर येत नाही म्हणून लोक परस्पर बाजारातून आणून लावतात तो डबा. तो बिघडला की सगळ्या कंपन्यांच्या टॉवरचे कान बंद. आणि गंमत अशी, की लोकांच्या फोनवर टॉवर फुल दिसतो. का, तर टॉवरचं बोलणं फोनला छान ऐकू येतंय. फोनचं उत्तर टॉवरला ऐकू येत नाहीये. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तुम्हाला फोन करणाऱ्याला बाई सांगते, आपण डायल केलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

दिलीप मोहिते आमच्या ऑफिसात आला तो हेच सांगायला. या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. कोयलीला रिफायनरीत ठेकेदाराकडे फिटर. नागरवाड्यात राहायचा. सुट्टीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आला होता आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याच्या बायकोने, वैशालीने, पाच वेळा तक्रार नोंदवली होती, आणि पाचही वेळा ती बंद झाली होती. कशी, ते ऐका. आमच्याकडे नियम असा, की तक्रार बंद करण्याआधी ग्राहकाला फोन करून विचारायचं, झालं का काम? ग्राहकाने उचलला नाही तर शेरा मारायचा, 'ग्राहक संपर्काबाहेर, तक्रार निकाली'. म्हणजे फोन लागत नाही अशी तक्रार, आणि फोन लागला नाही म्हणून निकाली! हा नियम ज्याने केला त्याला त्या वर्षी कंपनीने बक्षीस दिलं होतं, तक्रारी भराभर मिटवल्याबद्दल.

आमचे साहेब, परीखभाई, स्वभावाने गाय. त्यांनी दिलीपला आपल्या कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. "जुओ, भाई, ग्राफ तो लीलो छे ने!" ग्राफ हिरवा. हिरवाच असणार. आमचा ग्राफ तुटलेले कॉल मोजायचा. जो कॉल लागलाच नाही तो तुटेल कशाला?

दिलीपने त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, माझ्या बायकोला किडनी लागणार आहे. ग्राफ नाही."

वैशालीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अहमदाबादच्या इस्पितळाच्या यादीत तिचं नाव होतं. कुणी गेलं आणि घरच्यांनी अवयव दिले, की इस्पितळ यादीप्रमाणे फोन करतं. फोन लागला, तर ताबडतोब निघायचं. लागला नाही, तर तास-दीड तास प्रयत्न करतात आणि पुढच्या नावाला लावतात. त्यांचीही चूक नाही, किडनी थांबत नाही. जानेवारीच्या शेवटी तसा फोन आला होता. घरी वैशालीच्या हातात फोन, टॉवर फुल, आणि लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती डायलिसिसला स्टेशनकडे गेली तेव्हा फोनमध्ये टिंग टिंग करत मेसेज उतरले, या नंबरवरून तुम्हाला चार वेळा फोन आला होता. दिलीपचा नंबरही दिलेला होता, पण रिफायनरीत फोन आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. गल्लीतली लँडलाइन रस्ता खोदताना तुटली ती तुटलीच. दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन बघितलं, त्याचीही तीच रड.

"काही दिवस नातेवाइकांकडे राहायचं," परीखभाईंनी सुचवलं.

"दोन मशीनं आहेत तिची शिवणाची, साहेब. चणिया-चोळीच्या ऑर्डरी घेते ती. त्यावर औषधं येतात. मशीन घेऊन बसू का स्टेशनवर?"

परीखभाई म्हणाले, टॉवरची पॉवर वाढवू या. मी म्हटलं, "साहेब, बहिऱ्याला मोठ्याने बोलायला लावून त्याला ऐकू येईल का?" ते म्हणाले, "सबनीसबेन, तुम्ही जाऊन बघा." गाय असली तरी शहाणी गाय.

दुसऱ्या दिवशी मी वैशालीच्या गच्चीवर गेले. तिसरा मजला, त्यावर गच्ची. ती स्वतः वर आली, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. मी म्हटलं, तुम्ही कशाला आलात? तर म्हणे, "कुठून येतंय ते मला बघू दे तरी." मी काटा गोल फिरवला. पडद्यावरचा डोंगर एकाच दिशेला उंच झाला. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला. तिकडे होती जुन्या घरांची एक रांग, आणि रांगेच्या मागे दुकानांचं नवं कॉम्प्लेक्स, तळघरात सोनारांची चार दुकानं. तळघर, सोनार, बूस्टर! माझ्या डोक्यात गणित सुटलं. मी वैशालीला सांगितलं, "दोन दिवसांत लावते छडा."

आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक मी इथे केली. त्या रांगेतलं चौथं घर आगाशे सरांचं होतं.

सर रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती. कम्युनिकेशन इंजिनिअरिंग शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हे इंटरफिअरन्सचं सगळं शास्त्र मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांच्या इतक्या जवळ काम काढलं आणि त्यांना न भेटता जायचं? शोभलं असतं का? शिवाय सल्लाही मिळेल. मी गेले. दाराशी बूट काढले, आणि बुटांबरोबर काटा आणि यंत्रही चपलांच्या फळीवर ठेवलं. यंत्र बंद करून, कारण सरांच्या घरात चिंचिं बरं दिसत नाही. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सरांच्या दिवाणखान्यात कुणी अँटेना परजत शिरेल का?

सरांना मनापासून आनंद झाला. काकूंनी आल्याचा चहा केला. सर हिंचक्यावर, म्हणजे दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर, बसून मला समजावत होते, "कर्णिक, हे बाजारातले डबे. ना फिल्टर, ना शिस्त. गच्चीवरचा अँटेना आणि घरातला अँटेना एकमेकांचं ऐकायला लागले की डबा आपल्याच आवाजावर बेफाम होतो. शोधून काढ तो मूर्ख." मी वहीत लिहून घेतलं. हो, लिहून घेतलं!

सोनारांनी मला आठ दिवस झुलवलं. एकाने दुकान दाखवलं पण तळघर दाखवेना. मी आयकर खात्याची असेन अशी त्याची खात्री होती. दुसऱ्याने सांगितलं, बूस्टर आमच्याकडे नाही, समोरच्याकडे आहे. समोरच्याने तेच याच्याबद्दल सांगितलं. शेवटी दोघांकडेही निघाले, दोन्ही मी बंद करून घेतले, आणि टॉवरच्या कानातला गोंगाट केसभरही कमी झाला नाही. डायलिसिसच्या दर खेपेला स्टेशनकडे पोचल्यावर वैशालीचा फोन, "ताई, लागला का छडा?" आणि मी, "होतंय, होतंय."

दरम्यान सरांकडे माझ्या फेऱ्या चालूच. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिथे बसले असताना सगळ्या गल्लीची लाइट गेली. मी टॉवरवर बसलेल्या आमच्या माणसाला फोन करून पाहिला, तोही गल्लीबाहेर मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन, कारण घरातून फोन लागेना. विचारलं, "गोंगाट गेला का?" तो म्हणाला, "नाही, तसाच आहे." मी धावत आत आले. "सर, लाइट गेली तरी चालू आहे! म्हणजे चोराकडे इन्व्हर्टर आहे!" सर म्हणाले, "शाबास, कर्णिक. उत्तम निरीक्षण." आम्ही दोघं केवढे खूश झालो. आणि डोक्यावर सरांचा पंखा इन्व्हर्टरवर गरगर फिरत होता.

हसा, हसा. मीही हसले असते, पुढचं घडलं नसतं तर.

तिसऱ्या आठवड्यात दिलीप ऑफिसात आला. त्या दिवशी सुट्टी नव्हती त्याची. बसला नाही. वैशालीचा फोन माझ्यापुढे धरला. सकाळी डायलिसिसला गेल्यावर त्यात मेसेज उतरले होते. अहमदाबादचा नंबर. आदल्या दिवशी, अकरा वीस. अकरा बत्तीस. अकरा पन्नास. बारा पाच.

"दिली दुसऱ्याला," तो म्हणाला. "ती म्हणते, ज्याला मिळाली त्याचं भलं होवो. मला नाही असं म्हणता येत, मॅडम."

तो गेल्यावर मी माझी फिरतीची वही काढली. आम्हाला कुठे किती वाजता होतो ते लिहावं लागायचं. आदल्या दिवसाची ओळ माझ्याच अक्षरात होती: 'सव्वाअकरा ते सव्वाबारा, आगाशे सर, तांत्रिक चर्चा.'

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले ते चर्चेला नव्हे. कुणापाशी तरी रडायचं होतं. नेहमीसारखं सगळं फळीवर ठेवलं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं, यंत्र बंद करायचं राहून गेलं. सोफ्यावर बसले नाही तोच काकू बाहेरून म्हणाल्या, "अगं, तुझं ते खोकं चपलांत बसून किंचाळतंय बघ!"

मी दाराशी गेले. पडद्यावर डोंगर नव्हताच, वरपासून खालपर्यंत सगळा पांढरा. इतका गोंगाट मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"तो माझा ॲम्प्लिफायर आहे," ते म्हणाले. "बूस्टर नाही. मी स्वतः बांधलाय. फिल्टर घालून."

अमेरिकेतल्या मुलीचा फोन जाड भिंतींमुळे आत लागायचा नाही, म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी तो बांधला होता. उत्तम बांधला होता, मी उघडून पाहिलाय. आपण शोधतोय तो मूर्ख डबा म्हणजे आपलं हे यंत्र असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही, आणि माझ्याही. सत्तरी उलटलेले सर माझ्या पुढे जिना चढले. गच्चीवर अँटेनाच्या काठीला पतंगाच्या मांजाचे वेढेच्या वेढे. उत्तरायणाला शेजारची पोरं तिथूनच पतंग उडवायची. ओढाताणीत काठी फिरली होती, आणि टॉवरकडे बघायचा अँटेना घरातल्या अँटेनाकडे तोंड करून उभा होता. दोघं एकमेकांचं ऐकत बेफाम झालेले. शहाण्या माणसाला तारखेवरूनच कळलं असतं! तक्रारी सुरू झाल्या त्याच उत्तरायणानंतर. पण मी शहाण्या माणसाच्या घरी चहा पीत होते ना.

सरांनी खाली येऊन पिन काढली. पाच मिनिटांत टॉवरवरच्या आमच्या माणसाचा फोन आला, सरांच्या दिवाणखान्यात, खणखणीत. "बेन, एकदम शांत!"

सरांनी विचारलं, "कुणाला त्रास झाला?" मी म्हटलं, "राहू द्या, सर." त्यांनी पुन्हा विचारलं, शिकवताना विचारायचे तसं. मग मी सांगितलं. वैशाली मोहितेचं, किडनीचं, यादीचं, अकरा वीसचं. सर हिंचक्यावर बसले. पाय जमिनीला टेकवून, हिंचका हलणार नाही असे. मी काकूंकडे न बघता बूट घातले आणि निघाले.

अहवालात मी लिहिलं, 'स्रोत: घरगुती उपकरण. बंद करण्यात आले.' कुणाच्या घरचं, ते लिहिलं नाही. परीखभाईंनी वाचून ग्राफकडे पाहिलं आणि म्हणाले, "लीलो ज हतो!" हिरवाच होता. वैशालीला मी सांगितलं, "टॉवरमध्ये तांत्रिक बिघाड होता, सापडायला वेळ लागला." ती म्हणाली, "असू दे, ताई. सापडला हे काय कमी आहे?"

सात महिन्यांनी, नवरात्राच्या आधी, तिचा फोन वाजला. घागऱ्याला आरसे लावत बसली होती. पहिल्या रिंगला उचलला. शेजाऱ्याच्या गाडीतून अहमदाबादला गेली आणि नवी किडनी घेऊन आली. आता ती ठणठणीत आहे, दोनाच्या चार मशीनं झालीत, हाताखाली बायका आहेत. तेव्हापासून दर दिवाळीला तिच्याकडून मला फराळाचा डबा येतो. चकल्या, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा. तुमच्यामुळे, ताई, असं म्हणून देते. ते सात महिने, आठवड्यातून दोनदा त्या सुया, यातलं काय माझ्यामुळे ते मला ठाऊक होतं. डबा घेताना मी दर वर्षी हसायची. चकल्या शेजाऱ्यांना वाटून टाकायची.

सर चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यामागे त्यांचं नाव कशाला, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं सांगू? सरांचं नाव मी झाकत नव्हते. त्यांच्या नावाखाली माझं झाकत होते. गच्ची त्यांची होती, पण तिकडे काटा वळवायचा नाही हे मी ठरवलं होतं. सोनाराचं तळघर उघडायला मी आयकरवाली ठरायला तयार, आणि सरांना एका वाक्यात विचारायला जीभ उचलेना, "सर, जरा गच्ची बघू?" ते नाही म्हणाले असते का? कधीच नाही. वर स्वतः जिना दाखवला असता.

या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी हा प्रसंग 'तांत्रिक बिघाड' म्हणूनच लिहिला होता. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून राहिला. मग तो फाडला, आता तुम्ही वाचताय तो लिहिला, आणि छापायला देण्याआधी वैशालीकडे घेऊन गेले.

ती मशीनवर होती. बाकीच्या बायकांना तिने चहाला पिटाळलं. मी सगळं वाचून दाखवलं, चपलांच्या फळीपासून वहीतल्या ओळीपर्यंत. ती खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सर आले होते की माझ्याकडे."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. तीन जिने चढून. धाप लागली होती, पाणीसुद्धा घेतलं नाही आधी. म्हणाले, पोरी, तुझा फोन माझ्या यंत्राने अडवला. आणि कर्णिकला बोल लावू नकोस, ती माझ्या मानापायी वर चढली नाही. मला आधी कळेचना कर्णिक कोण ते."

"म्हणजे तेव्हापासून तुला..."

"तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं मला फराळ का देत राहिलीस गं?"

"बंद केला असता तर तुम्ही आला असता का सांगायला?" तिने मशीनचं चाक हाताने फिरवलं, सुई वर घेतली. "फार राग होता, ताई, पहिली काही वर्षं. सरांवर नाही. ते आले ना. मग तो रागही गेला. नुसती वाट बघत होते."

मी पदराने डोळे पुसले. कागदाची घडी घालायला लागले तर तिने तो माझ्या हातातून घेतला, ओळीवरून बोट फिरवत एका जागी थांबली.

"हे तेवढं बदला," ती म्हणाली. "तिसऱ्या आठवड्यात, असं लिहिलंय तुम्ही. तेवीस दिवस होते. तुम्ही माझ्या गच्चीवर आलात त्या दिवसापासून सरांनी पिन काढली त्या दिवसापर्यंत. तेवीस."